भिंतीवरचा पुठ्ठा

९ जानेवारी १९६७

गाडीत तेल भरलेलं आहे! पट्टी मी स्वतः पाहिली. तरी ड्रायव्हर हनुमंतचं आपलं एकच पालुपद — "बाई, चढाला विंजन नुसतं वरडतंय, पर चाकं ओढत न्हाईत."

मळवलीच्या या दवाखान्यात मी चार वर्षं नर्स आहे, आणि गाडी येऊन चारच महिने झाले. परदेशातल्या कुणा दानशूरांनी दिली — बारा वर्षं वापरून मग! मागे हौदा, स्टिअरिंग डावीकडे, क्लच नाहीच. गिअर आपोआप पडतात. गिअरबॉक्सला वेगळं तांबडं तेल लागतं आणि ते मोजायची पट्टीही वेगळी. सोबत इंग्रजी पुस्तक आलं. डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून एकदा येणार, मग ते वाचणार कोण? मीच. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर मराठीत लिहिलं आणि गॅरेजच्या भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकला: 'तेल रोज सकाळी, इंजिन बंद असताना, पट्टी पुसून पाहावे.' अक्षर सुरेख आलंय. हनुमंत चौथी शिकलेला. रोज सकाळी तो पुठ्ठा मोठ्याने वाचतो, मगच बॉनेट उघडतो. मला आवडतं ते.

आज त्याला झापलं. गाडी जरा सांभाळून हाक म्हटलं.

१२ जानेवारी

गिअरबॉक्सच्या पट्टीवरचा थेंब टिपकागदावर घेतला. सप्टेंबरात कुंकवाच्या पाण्यासारखा होता, आज काढ्यासारखा. वास करपलेला. पेशंटची थुंकी बघावी तसा कागद उजेडात धरून बघत बसले. निदान काही होईना — पट्टीवर तेल तर खुणेपर्यंत पुरं!

हनुमंत म्हणाला, "लोनावळ्याच्या केरबाभाऊ मेस्त्रीला दावू या का? त्यो वास घिऊन सांगतो." मी नाही म्हटलं. खिंडीपलीकडच्या वाडीवरची हिरी पहिलटकरीण आहे, दिवस भरत आलेत, पाय सुजलेत. गाडी आठवडाभर लोणावळ्यात पडून राहिली आणि नेमक्या तेव्हाच तिला कळा सुरू झाल्या तर?

हे एक कारण. दुसरं इथे लिहायला हरकत नाही — पुस्तक मी वाचलंय, केरबाने नाही.

१३ जानेवारी

हिरी दाखवून गेली. रक्तदाब वाढलेलाच. म्हटलं, पोट दुखायला लागलं की नवऱ्याला पळव इकडे, गाडी येईल. "नक्की यील ना, बाई?" नक्की, म्हटलं.

१९ जानेवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी दहाला बारकू, हिरीचा नवरा, धापा टाकत आला. मी आणि हनुमंत लगेच निघालो. जाताना खिंडीपर्यंत गाडी कुरकुरत चढली, पलीकडे वाडीपर्यंत उतारच. हिरीला हौद्यात गादीवर निजवलं. मी शेजारी बसले. परतीचा चढ सुरू झाला आणि पाव मैलात इंजिन किंचाळायला लागलं. गाडी जागच्या जागी थरथरली. मग मागे सरकायला लागली! हनुमंतने ब्रेक दाबून धरला, बारकूने उडी टाकून चाकाखाली धोंडा लावला. खालून धूर, आणि तोच करपलेला वास.

वाडीवरची माणसं धावली. घोंगडीची झोळी करून हिरीला उचललं, हनुमंतही एका टोकाला लागला. खिंड चढून दवाखान्यात यायला साडेतीन तास लागले.

खिंडीत मी बाळाचे ठोके ऐकले होते. दवाखान्यात ऐकू आले नाहीत.

२० जानेवारी

मुलगा होता. हिरी वाचली. विचारते, "रडला का न्हाई, बाई?"

२२ जानेवारी

बैल जुंपून गाडी खिंड ओलांडून दवाखान्यात आणली. केरबा लोणावळ्याहून एसटीने आला, हत्यारांची पिशवी घेऊन. गिअरबॉक्सचा तळ उघडला. तेल अगदीच थोडं, काळं, आणि तळाशी जळक्या प्लेटींचा भुगा. तो आणि हनुमंत गाडीखाली बराच वेळ कुजबुजत होते. मग हनुमंत बाहेर आला तो सरळ, आजच पुण्याहून आलेल्या डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, तेल कमी व्हतं. मला कळलं न्हाई. चूक माझी हाये."

मी फणकारले, "रोज पट्टी बघत होतास ना रे?"

"व्हय बाई. बघत व्हतो."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे त्याला कामावरून काढलं. मला वाईट वाटलं का? नाही. खरं तेच लिहायचं — मोकळं वाटलं. त्या पोराचं मरण कुणाच्या तरी नावावर लागायला हवं होतं.

२४ जानेवारी

गॅरेजमधला पुठ्ठा नाही! जाताना हनुमंतने रागाने ओरबाडला असणार. भिंतीला चार भोकं तेवढी. खिळेसुद्धा ठेवले नाहीत. चोर तो चोर!

३ फेब्रुवारी

केरबाने गाडी दुरुस्त केली. नवं तेल ओतलं, फिरवून आणली, आणि इंजिन चालूच ठेवून गिअरबॉक्सची पट्टी काढली. मी म्हटलं, "केरबाभाऊ, आधी बंद करा ना."

"न्हाई बाई. ह्या गाडीचं चालू ठिवून, तापल्यावर बघायचं. बंद केली की वरचं तेल समदं खाली उतरतंय. कमी आसलं तरी पट्टी भरल्याली दावती. हनुमंताला इचारलं मी, बंद करून बघाया कुनी सांगितलं रं तुला? तर म्हनला, माझंच डोस्कं."

केरबा गेल्यावर पुस्तक काढलं. मी लिहून घेतला होता तो नियम इंजिनच्या तेलाचा. पुढच्या पानावर गिअरबॉक्स. तिथे स्पष्ट लिहिलंय — इंजिन चालू, गाडी गरम, सपाट जमीन. ते पान मी उलटलंच नव्हतं. तेल ते तेल, म्हटलं.

चार महिने तो रोज सकाळी मोठ्याने माझी चूक वाचत होता. आणि तसंच करत होता.

४ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. हिरी आज घरी गेली. निघताना पाया पडायला वाकली. मी मागे सरले.

५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून ती बाई तरी वाचली." मी मान हलवली.

सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. मग मनात आलं, पुठ्ठा कुठे आहे? त्यानेच फाडून टाकला. चूक त्याने आपणहून कबूल केली. केरबाला पुठ्ठा माहीत नाही. कुणालाच कळणार नाही! हे मी, पेशंटला खोटं औषध कधी न देणारी, अगदी शांतपणे मनात म्हणत होते. शरम वाटते. तरीही नाही सांगितलं.

हनुमंत सध्या भाजे गावात कुणाच्या तरी वीटभट्टीवर माती तुडवतो, असं ऐकलं.

११ फेब्रुवारी

सकाळी हनुमंतची बायको नंदाबाई आली. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. बसली नाही. "ह्ये तुमचं. मालक म्हनले, डागदरसायबानं भिंतीवर वाचलं आसतं, तर बाईंवर आलं आसतं. पोरीबाळींचा दवाखाना बाईंवर चालतो, आपलं काय, कुटंबी माती तुडवू. म्हनून काढून आनला. ठिवा तुमच्यापाशी, न्हाईतर जाळा."

पुठ्ठा. एकही कोपरा फाटलेला नाही. चारही खिळे कागदाच्या पुडीत बांधलेले.

डॉक्टर उद्या सकाळच्या गाडीने मळवलीला उतरतील. पुठ्ठा घेऊन मी स्टेशनवरच उभी राहणार. तिथून भाज्याला, हनुमंतकडे. आणि मग खिंड चढून हिरीकडे — चालत.