भुरीचे कान

३ मार्च
आज नातीबरोबर कामावर गेले. घोडेस्वारांचे आणि घोड्यांचे फोटो काढते ती. घोड्याने कान मागे पाडले की तो रागीट दिसतो, फोटो फुकट. नात शिट्ट्या मारून दमली, भुरी घोडी ढिम्म. मी पिशवीतला हरभऱ्यांचा डबा खुळखुळवला. कान ताठ! नात म्हणाली, आजी, तू तर जादूगार निघालीस. दोन इयत्ता शिकलेली मी! आमचे हे म्हणायचे, तुझ्या डोक्यात भुसा. असेना. घोड्यांना तोच आवडतो.

७ मार्च
भुरी आता मला लांबून ओळखते. डबा वाजला की सगळं सोडून माझ्याकडे वळते. पाठीवरची मुलगी लगाम ओढत बसली बिचारी. तबेल्याच्या मालकीणबाई सदा टोपीत, म्हणून मी टोपीबाई म्हणते. त्यांनी नातीला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. माझं कौतुकच, दुसरं काय? नात म्हणाली, पुढच्या वेळी तू गाडीतच बस, ऊन फार आहे. किती जपते पोर!

११ मार्च
रविवारी उड्यांची स्पर्धा. भुरीचे फोटो जमले तर तबेल्याचं कायमचं काम नातीला. नोकरी सोडलीय तिने याच्यासाठी. मला म्हणाली, आजी, डबा न्यायचा नाही, माझी शपथ. घेतली शपथ. पण ऐन उडीत कान पडले तर? पोरीचं नशीब माझ्या हातात आहे, तिला कळत नाही. गोळ्यांच्या बाटलीतल्या गोळ्या काढून हरभरे भरलेत. बाटली म्हणजे काही डबा नव्हे.

१५ मार्च
गाडीत उकडलं म्हणून कुंपणापाशी उभी राहिले. भुरी काय सुंदर धावत आली! आडव्या दांड्याजवळ येताच मी बाटली हलवली. एकदाच. बरं, दोनदा. तिने मान वळवली. दांडा पायात आला. मुलीचा हात मोडला, तो जुळेल. भुरीचा पाय मोडला. घोड्याचा जुळत नाही म्हणे. डॉक्टर शेवटची सुई घेऊन आले, भुरीभोवती ताडपत्री धरली. मुलगी पलीकडून हाका मारत होती.
वाऱ्याने झालं असणार. झेंडे केवढे फडफडत होते.

१६ मार्च
टोपीबाईंनी सगळे फोटो मागितलेत, काय चुकलं ते बघायला. नात जेवली नाही. मी म्हटलं, झेंड्यांचं सांग त्यांना.

१८ मार्च
नातीने शेवटचा फोटो दाखवला. कान ताठ, डोळ्यांत चमक. मी म्हटलं, बघ, म्हणत नव्हते मी? तिने कानांच्या रोखाने बोट सरकवत कुंपणापर्यंत नेलं. तिथे माझी शाल. वर केलेला माझा हात.
म्हणाली, आजी, हाच पाठवतेय त्यांना.
मग हरभरे ओतून टाकले तिने, बाटली धुतली, गोळ्या परत भरून उशाशी ठेवली.
संध्याकाळची गोळी घेतली नाही. बाटली वाजते.