वैष्णवीच्या चेहऱ्याला काय काय लावलं

२५ मे, सोमवार. रिसोड.
लिहायला भाग पडलं म्हणून लिहिते आहे. आज वाशिमला त्वचेच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "चेहऱ्याला कोणत्या दिवशी काय लावलं?" समोर आम्ही तिघी: माझी भाची वैष्णवी, तिची आई सुनंदा आणि मी. तिघींची तीन उत्तरं. सुनंदा म्हणाली, "काई नाई जी, बेसन अन् साय." वै. म्हणाली, "हळद-लिंबू." मी म्हणाले, "घरगुतीच काहीबाही."

डॉ.बाईंनी पेन खाली ठेवलं. "तारखेनुसार लिहून आणा. आणि जे जे लावलं ते डब्या-बाटल्यांसकट घेऊन या, पंधरा दिवसांनी." तोवर सगळं बंद. त्यांचं मलम, साधं पाणी, ऊन वर्ज्य.

तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत निरीक्षण नसेल तर मुलीला प्रयोगशाळेबाहेर उभी करायची. आज मला कुणी बाहेर काढलं नाही.

मी दिलेल्या बाटलीचं तिघींपैकी कुणीच बोललं नाही. उत्तर देण्याआधी वै.ने एकदा माझ्याकडे पाहिलं होतं.

२६ मे, मंगळ.
आठवेल तसं.

वै. फेब्रुवारीत बाळंतपणाला रिठदला, माहेरी आली. मुलगी झाली. आता तीन महिन्यांची. पोटुशी असतानाच दोन्ही गालांवर वांग आले, काळपट, पानाएवढे. सासर शिरपूरचं. बारशाला विहीणबाई म्हणाल्या, "आमी त गोरी सून आनली होती. हे कोन हाय?" हसत म्हणाल्या. सगळे हसले. वै. सुद्धा.

यंदा अधिक महिना. धोंड्याला, ७ जूनला, जावई जेवायला येणार आणि मायलेकींना घेऊन जाणार. म्हणून ही घाई.

१६ मे, शनि. – मी रिठदला जाऊन बाटली दिली. आत काय: व्हिटॅमिन सीच्या पांढऱ्या गोळ्या कुटून, गुलाबपाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून, वर थोडं ग्लिसरीन. मी स्वतः दोन महिने लावते आहे. कपाळावरचे डाग फिके झाले असं वाटतं. मलाच वाटतं, दुसरं कुणी म्हणालेलं नाही. वै.ला बजावलं होतं, संध्याकाळी दोन थेंब. दिवसा नाही.

२१ मे, गुरु. – ओली हळद वाटून, त्यात लिंबू पिळून लेप.

२२ मे, शुक्र. – सकाळी चेहरा लाल, डोळ्यांपर्यंत सुजलेला. डाव्या गालावर फोड. बाळाच्या गालावर दोन चट्टे. आईच्या गालाला गाल लावून झोपते ती.

मधल्या दिवसांचं विचारायचं राहिलंय. उद्या जाते.

२७ मे, बुध. रिठद.
सकाळच्या एसटीने. वै. मागच्या खोलीत, खिडकीला चादर लावून. बाळाचे चट्टे फिके झालेत.

"बाटली कशी लावली?"
"तुमी सांगतली तशीच."
"वैष्णवी."
"...सकाळ-संध्याकाळ. काय करू आत्या, एका टाइमनं काई फरकच दिसून नव्हता राह्यला."
"थेंब किती?"
"थेंब काय मोजत बसू? तळहातावर घेत होती."

बाटली अर्धी उरली आहे. रंग कोऱ्या चहासारखा. ताजं असतं तेव्हा पाण्यासारखं असतं. मी दिली तेव्हा पिवळं झालं होतं. पिवळं झालेलं मला दिसलं होतं. महिन्याचं जुनं, त्यात रोज तीन-चार तास लाइट नाही, फ्रिज नावाला. नवीन करायचा कंटाळा केला.

मी असतानाच शिरपूरहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. वै.ने बाळ दोन्ही हातांनी समोर धरलं आणि स्वतः मागे.
"सूनबाई कुटं लपली व?"
"नात पाहा न बाई. माहं तोंड पाहून काय करता, ते त तुमी पाह्यलंच हाय."
तिकडे हसण्याचा आवाज. फोन बंद झाल्यावर वै. बाळाच्या टाळूवर ओठ टेकायला वाकली आणि थांबली. मलम लागेल म्हणून.

बाटली घेऊन आले. रिकामी करून धुऊन टाकावी असं दोनदा मनात आलं. फ्रिजमध्ये ठेवली.

२८ मे, गुरु.
भांडी घासताना लक्षात आलं. मे महिन्यात ओली हळद आली कुठून? हळद शिमग्याच्या आगेमागे निघते, शिजते, वाळते, पॉलिश होऊन बाजारात जाते. आत्ता घरात ओलं असतं ते फक्त बेणं, पुढच्या लागवडीला राखलेलं. आणि लावायच्या आधी बेणं औषधाच्या पाण्यात बुडवतात. बुरशीचं औषध, किडीचं औषध.

सुनंदाला फोन. "बेण्यातली हळद घेतली का?"
"मंग कुटून घेऊ, ताई? तुमीच त सांगत राह्यता, पाकिटातली भुकटी तोंडाले लावू नका, ओली हळद वाटा."
खरं आहे. मीच सांगते. वर्गात सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं.
"औषध दिलेली होती का?"
"ते मले काय माहीत. पडवीत पसरून होती, दोन गड्डे उचलले."
मागे माझा भाऊ प्रकाश होता. त्याला विचार म्हटलं. त्याचा आवाज आला, "बुधवारी संध्याकाळी बुडवलं, शुक्रवारी लावलं."
म्हणजे लेपाच्या आदल्या दिवशी.

लगेच डॉ.बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बाळाला आजच लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. दुपारी सुनंदा आणि वै. बाळाला रिसोडला घेऊन आल्या. वै. डोक्यावरून ओढणी नाकापर्यंत ओढून. डॉक्टरांनी तपासलं. दूध पिते आहे, खेळते आहे, घाबरू नका, लक्ष ठेवा. बाळाने त्यांचा चष्मा ओढला.

त्या फोनवर डॉ.बाईंना सगळं सांगितलं होतं. भाऊ, बेणं, औषध, वार. बाटलीचं सांगितलं नाही.

आणि फोन ठेवल्यावर हायसं वाटलं. तेव्हा बाळाला अजून दाखवलंही नव्हतं. हे लिहिलं आहे. खोडणार नाही.

३० मे, शनि.
प्रकाश आला. चप्पल दारात न काढता उंबऱ्यातच उभा.
"डॉक्टरनीले माहं बेनं सांगतलं म्हने. तुही बाटली सांगतली का?"
मी फ्रिजकडे पाहिलं.
"नाई न सांगतली? बस. गावात काय म्हनतीन, बापानं पोरीच्या तोंडाले जहर लावलं."
"आत ये. बैस."
आत आला. बसला. मग म्हणाला, औषध गुरुवारी दिलं, जेवल्यावर. बुधवारी पसरवलं ते नुसतं निवडायला.
"परवा बुधवार म्हणालास."
"आठवलं मंग. मानसाले मागून आठवत नाई का?"

वै.ने लेप लावलेला फोटो मैत्रिणीला पाठवला होता. फोनवर वेळ आहे: गुरुवार, सकाळी पावणेअकरा. औषध बुधवारी दिलं असेल तर बेणं दोषी. गुरुवारी जेवल्यावर दिलं असेल तर हळद स्वच्छ होती, आणि मग उरते माझी बाटली. लिंबूही आहे, पण लिंबू तिने याआधीही लावलंय, काही झालं नव्हतं.

प्रकाशला खरंच आठवलं, की सोयीचं आठवलं? मी तरी कुठे वेगळी.

चहा केला. "साखर कमी पडली," म्हणाला आणि प्यायला. जाताना वळला. "तू शिकेल बाई हायेस, ताई. तुहं लोकं खरं मानतेत. म्हून म्हनतो."
औषधाचं पाकीट देशील का विचारलं. तो फाटक ओढून निघून गेला.

१ जून, सोम.
गोळ्या किती घातल्या ते आठवत नाही. दोन पाकिटं आणली होती की तीन? पाणी मापलं नाही. बाटलीच्या खांद्यापर्यंत, एवढंच. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेली बाई.

बाटलीतलं थोडं माझ्या डाव्या हाताला, मनगटाच्या वर लावायला सुरुवात केली. वै.सारखं, तळहातावर घेऊन, सकाळ-संध्याकाळ. उजवा हात कोरा. तुलनेला.

२ जून, मंगळ.
डावा हात: काही नाही.
बँकेत जायचं होतं, गेले नाही. दोनदा कुलूप लावलं, दोनदा उघडलं. रिठदला फोन. वै. म्हणाली, साल निघून राह्यली, खाली गुलाबी दिसते. आवाज बरा वाटला. मागून बाळ रडत होतं.

४ जून, गुरु.
डावा हात: किंचित लाल. खाज. की मीच सारखी चोळून पाहते म्हणून? माझी कातडी एकसष्ट वर्षांची, तिची चोवीसची. या प्रयोगाला मी दहापैकी दोन गुण दिले असते.

डॉ.बाईंचा नंबर काढला. लावला नाही. समोरासमोर सांगेन असं ठरवलं. ठरवायला सोपं असतं, चार दिवस बाकी असले की.

५ जून, शुक्र.
लाली तशीच. लावणं थांबवलं. बाटली आणखी कमी करून चालणार नाही. दाखवायची आहे.

७ जून, रवि. रिठद.
धोंडे. सुनंदाने पुरणाचे केले. जावई, नीलेश, अकरा वाजता एसटीने आले. त्यांना पाटावर बसवलं, ओवाळलं, अनारशांचं ताट, टॉवेल-टोपी. वै. स्वयंपाकघरातून बाहेर येईना.

शेवटी धोंडे वाढायला तीच आली. पदर नाही, ओढणी नाही. सूज गेली आहे. साल गेली आहे. डाव्या गालावर काळा डाग, आधीच्या वांगापेक्षा मोठा. जावयांनी वर पाहिलं. हात ताटात तसाच.
"आग होते का?"
"आता नाई."
"सांगतलं काहून नाई मले?"
"तुमी फोनवर बाळालेच पाहात होते."
मग ते म्हणाले, "मायले काय सांगू?"
वै.ने धोंड्यावर तूप सोडलं. "सांगा, आत्यानं बाटली देली, मायनं हळद देली, बाबानं बेन्याले औषध देलं, अन् तुमच्या मायनं घाई देली. सारे आपापलं घेऊन जा. तोंड तेवढं माहं होतं."

सुनंदा आत गेली. प्रकाश खाली मान घालून. मी बसल्या जागी बसले. जावई आधी हसले, मग हसणं अर्ध्यावर थांबलं, मग म्हणाले, "तूप पुरे."

जेवणं झाल्यावर प्रकाशने कपाटामागून काहीतरी काढून माझ्या पिशवीत टाकलं. औषधाचं रिकामं पाकीट. "वार मले खरंच आठवत नाई," एवढंच म्हणाला. पाकिटावर निळा त्रिकोण आहे, मध्यम विषारी असल्याची खूण, आणि बारीक अक्षरांत हातमोजे घालण्याची सूचना.

८ जून, सोमवार. वाशिम, बसस्टँड.
बाकावर बसून लिहिते आहे. जावई उसाच्या रसाला गेलेत. वै. समोर, बाळ मांडीवर झोपलेलं.

आत शिरल्या शिरल्या, वै. बसायच्या आधी, बोलले. "बाटली माझी. त्या दिवशी सांगितलं नाही. फोनवरही सांगितलं नाही."

डॉ.बाईंनी बाटली उजेडात धरली, टोपण काढून वास घेतला. "किती गोळ्या, किती पाणी?"
"अंदाजाने."
"अंदाजाने म्हणजे?"
हा प्रश्न मी तीस वर्षं विचारला. समोरच्या बाजूने पहिल्यांदा ऐकला.

माझा हातही दाखवला. पाहिला, टाकून बोलल्या नाहीत. मी विचारलं, वै.ला कशाने झालं? म्हणाल्या, आत्ता सांगता येणार नाही. कातडी पूर्ण भरली की एकेक गोष्ट पाठीवर थोडी लावून पाहता येईल, पण बेण्याचं औषध तसं लावून पाहणार नाही. एकाने झालं असेल, दोन्हींनी मिळून झालं असेल. सालपट निघालेल्या कातडीवर लिंबू चुरचुरलं असेल ते वेगळं. डाग? "बहुतेक जाईल. महिने लागतील." वांग? "ते नंतर पाहू."

वै.ला म्हटलं, आठ-पंधरा दिवस माझ्याकडे राहा, मग जा शिरपूरला.
"नाई आत्या. राह्यली त म्हनतीन तोंड लपवून बसली."

सुपूर्द केलं ते असं.
डॉ.बाईंकडे: बाटली, पाव भरलेली, रंग गडद. गोळ्यांचं एक पाकीट, त्याच कंपनीचं, नवं. जुनी पाकिटं कचऱ्यात गेली. बेण्याचे दोन गड्डे, वर्तमानपत्रात. लागवडीतून उरलेले, त्याच ढिगातले की नाही ते नक्की नाही. औषधाचं पाकीट, रिकामं. तारखा त्यांनी या वहीतून उतरवून घेतल्या. बुधवार आणि गुरुवार दोन्ही लिहून घेतले, पुढे प्रश्नचिन्ह.
वै.कडे: मलम. माझी काळी छत्री.
आणि ही वही. "मले द्या, आत्या. मले वाचाची हाय," म्हणाली. पहिल्या पानावर ती माझ्याकडे पाहते ते आहे. २८ तारखेला मला हायसं वाटलं तेही आहे. पान एकही फाडलेलं नाही.

शिरपूरची गाडी लागली. ती उभी राहिली आहे, बाळ खांद्यावर, एक हात पुढे. पेनाला टोपण लावते.