तापाची वही

१२ जानेवारी २००४
फ्रिज उघडला तर कोथिंबिरीच्या जागी रक्ताच्या बाटल्या! घर माझं, आन् माझी कोथिंबीर कुठं, तर माठावर! नात म्हणते, "दादी, हात लावू नको. बकऱ्यांचं हाय." बकऱ्यांचं हाय म्हणून काय अत्तर हाय व्हय?

ही वहीबी तहमीनानंच दिली. रोज ताप मोजायचा आन् लिहायचा. दोन वर्षं झाली, दिवस कलला की अंग पेटतं, घामानं पदर भिजतो, पाठ धरते. डॉक्टर मलेरिया म्हणून टोचून टोचून दमले. तहमीना पुण्याला विद्यापीठात रोगांचं शास्त्र शिकते. एम.एस्सी., शेवटचं वर्ष. ती म्हणते, हा ताप बकऱ्यांकडून आला असंल. म्हणून आमच्या निमोणे गावातल्या चाळीस बकऱ्यांचं रक्त तपासून प्रबंध लिहायचा. चोख झाला तर पुढं पीएचडी. न्हाई तर दौंडचं स्थळ. पोरगा रेल्वेत हाय, पण त्याच्या आईला सून घरात बसलेली पाहिजे. आमचा सिद्दीक — तिचा बाप — सणसवाडीच्या कंपनीतून आला की एकच बोलतो, "एक डाव दिलाय. फसलीस तर दौंड."

ताप १०१. तिसरी शिकलेल्या बाईच्या मानानं पुष्कळ लिहिलं.

१३ जानेवारी
ताप १००. पाठ.

२५ जानेवारी
तहमीनाच्या वर्गातली सविता आली. वरवंडची. तोंडाळ हाय, मला आवडते. मी विचारलं, शिकून तुम्ही होणार काय? म्हणाली, "दादी, एकजण औषधाच्या कंपनीत बाटल्या तपासायला. एकजण अमेरिकेला उंदरांना टोचायला. दोघं बँकेच्या परीक्षेला बसलेत."
मी म्हणलं, "बँकेत? मग जंतू कोण बघणार, मी?"
सविता हसून लोळली. तहमीना न्हाई हसली. म्हणाली, "सर एकालाच पीएचडीला घेणार हायेत." आन् परत कागदात तोंड.
ताप १०२.

५ फेब्रुवारी
ईद झाली. एकोणतीस बाटल्या भरल्या, अकरा राहिल्या. ज्ञानदेवाची बकरी सुई टोचल्यावर चौथ्या दिवशी गाभडली. झालं! त्याची शेजारीण धुरपदा वेशीपासून ओरडत आली, "खुर्शिदबी, तुमची नात गावाची पिल्लं मारती!" तिला किती सांगितलं, सुईनं न्हाई, रोगानं गाभडते. ऐकतंय कोण? अकरा घरांनी दारं लावली.

तहमीना परीक्षेला पुण्याला गेली. अकरा बाटल्यांवर मालकांची नावं चिकटवलेली. जनावरांच्या दवाखान्यातल्या हरिबाला सांगून गेली, "कुणी न्हाई दिलं तर रिकाम्या ठेवा, मामा. मी तसंच लिहीन."
रिकाम्या! चाळीस म्हणून सांगायचं आन् एकोणतीस दाखवायच्या? लोक हसतील पोरीला.

९ फेब्रुवारी
काम केलं. हरिबाला बोलावलं, दारातली माझी बकरी, चांदी, धरली, आन् म्हणलं, भर अकराच्या अकरा.
"भाभी, हे बरं न्हाई. नावं निराळी हायेत."
"तू सुई धर, अक्कल मी धरते. डेअरीत गावाचं दूध एकाच कॅनमधी जातं न्हवं? तिथं विचारतं का कुणी, कुणाच्या म्हशीचं? रक्त ते रक्त."
हरिबा गरीब माणूस. चाळीस वर्षं माझ्या पुढं न्हाई बोलला, आज काय बोलणार? थोडं थोडं घेत अकरा भरल्या. चांदीनं हूं की चूं केलं न्हाई. गुणाची हाय. तीन पावसाळ्यांमागं गाभडली तवा मीच याच हातांनी मेलेलं पिल्लू ओढून काढलं होतं.
बाटल्या फ्रिजमधी. परवा हरिबा पुण्याला पोचवणार, लोकांनी दिलं म्हणून सांगणार. कोथिंबीर माठावर. ताप १०१.

२ मार्च
तहमीना घरी आली. माझ्याबी रक्तात तो रोग निघाला! शिरूरच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. दीड महिना गोळ्या खायच्या. लघवी केशरी झाली, मी भिऊन ओरडले. म्हणाली, "गोळीचा रंग हाय, दादी."
चाळीसात चौदा बकऱ्या रोगी निघाल्या. सर म्हणाले, एका गावात एवढ्या? सरकारला कळवावं लागंल. आधी परत रक्त घेऊ. पोरगी खूश. चौदा! त्यात चांदीच्या किती, मी बोटांवर मोजलं.

१७ मार्च
जीप आली. सर, दोन पोरं, तहमीना. रोगी बकऱ्यांच्या नावांची यादी घेऊन पहिल्यांदा धुरपदाच्या दारात.
"बाई, मागं रक्त घेतलं ती बकरी कुठली?"
"आमच्या बकरीला कुणी सुई लावलीच न्हाई!"
पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढं तेच. अकरा दारं.
सरांनी आवाजबी चढवला न्हाई. यादीची घडी केली, खिशात घातली. तहमीनानं वळून माझ्याकडं बघितलं. मी चांदीला पाला टाकत होते. टाकत राहिले.
एक शब्द बोलायचा होता. माझ्या ह्या जिभेला अख्खं गाव भितं. उचलली न्हाई.

१९ मार्च
ताप न्हाई.

२० मार्च
ताप न्हाई. दोन वर्षांनी. कुणाला सांगू?

४ एप्रिल
तहमीना ट्रंक, गादी, सगळं घेऊन आली. प्रबंध सरांनी ठेवून घेतलाय. ३० तारखेला मोठी बैठक, तिथं ठरणार — तिचं नाव विद्यापीठात ठेवायचं का काढायचं. सिद्दीक म्हणतो, त्यात ठरायचं काय राहिलंय? दौंडची माणसं दोन मेला येतायत.
ती मला काय बोलली न्हाई. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ एप्रिल
दौंडच्या बाईनं निरोप धाडला. लबाडी केली म्हणून काढलेली पोरगी हाय, तरी आम्ही पदरात घेतोय, ध्यानात ठेवा. सिद्दीकनं मान हलवली. तहमीना बाजरी निवडत होती. खडे काढायचं थांबली न्हाई. गोळ्या देते तवा फक्त बोलते, "जेवल्यावर घे." मला बरं करून ठेवलं पोरीनं, आन् मी तिला हे.
मरावं म्हणलं तर आता तापबी न्हाई.

२८ एप्रिल
सविता आली. तिला औषधाच्या कंपनीत नोकरी लागली. पेढे आणले, पण पिशवीतून काढले न्हाईत. मला गोठ्यामागं नेलं.
"दादी, तुम्हाला ठाव हाय का? तहमीनानं लिहून दिलंय. बाटल्या मीच भरल्या म्हणून. सही केलीय."
मी म्हणलं, तिला काय म्हाईत कुणी भरल्या?
"जीप आली त्या दिवसापासून म्हाईत हाय! हरिबामामा तिच्यापुढं रडले. सर म्हणत होते, दुसऱ्या कुणी केलं असंल तर सांग, वाचशील. तर म्हणते — मामांची नोकरी जाईल. आन् दादीला त्या गावात राहायचंय, मला न्हाई."
पेढा न्हाई खाल्ला. दोघींनीबी.

३० एप्रिल
ताप न्हाई. शिरूरच्या स्टँडवर बसून लिहितेय. पुण्याची गाडी लागायचीय, बैठकीआधी पोचायचंय. हरिबा शेजारी बसलाय. "नोकरी गेली तर बकऱ्या राखीन," म्हणतो.
९ फेब्रुवारीचं पान दुमडून ठेवलंय. सर, वही आता तुमच्या हातात असंल, तर अक्षराला हसू नका. बाटल्या मी भरवल्या. चांदी दारात बांधलेली हाय, तिचं रक्त नेऊन त्या अकरा बाटल्यांशी ताडून बघा. हरिबानं माझं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा.
पोरीला काय विचारायचं न्हाई. तहमीना, तू गप बसायचं. सहीचा कागद खोटा हाय. उत्तर मी देणार.