आजी खुर्चीवर, देव खाली

॥ श्री ॥
इतवारी, नागपूर
४ फेब्रुवारी

चि. चिन्मयी हीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आजींना काल दवाखान्यातून घरी आणले. खुब्याचा मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला, हे बाबांनी कळवलेच. पुढचे फोनवर बोलता येत नाही. घर दोन खोल्यांचे आणि आजींचे कान शाबूत. अमरावतीच्या गाडीचे कंडक्टर रुपराव हे पत्र तुझ्या हॉस्टेलवर देतील. उत्तर त्यांच्याच हाती दे.

डॉक्टरांनी दोन पाने इंग्रजी सूचना दिल्या. बाबांनी वाचल्या आणि म्हणाले, काळजी घ्या असे लिहिले आहे. एवढ्याला दोन पाने लागत नाहीत, हे मॅट्रिकवालीलाही कळते. तू नर्सिंग शिकतेस, तेव्हा नीट मराठीत लिही.

आजी म्हणतात, मले दुसऱ्याच्या हातानं संडासले जायचं नाही, त्यापरीस देवानं नेलं असतं तर बरं. मला हाक मारण्याआधी रडून घेतात. त्या पुन्हा आपल्या पायांनी जाव्यात, एवढेच मी देवाजवळ मागितले आहे. दुधावरची साय मी खाऊ देत नाही म्हणून भांडल्या, म्हणजे तब्येत बरी आहे.

जेवण टाळू नये. माया आहेच, पत्राने वाढावी.

तुझी आई


अमरावती
६ फेब्रुवारी

ती. आईस चिन्मयीचा सा. न. वि. वि.

खुब्याचा सांधा म्हणजे उखळ आणि त्यात फिरणारा गोळा. आजीचा गोळा नवा आहे, पण त्याला धरून ठेवणारे स्नायू कापून शिवले आहेत. ते जुळेपर्यंत मांडी पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त वाकली तर गोळा मागून निसटतो. आमच्या लॅबमधल्या सांगाड्याला आम्ही गिरिधर म्हणतो. मॅडमनी त्याच्यावर हे करून दाखवले, तर गिरिधरचा पाय त्यांच्या हातात आला.

म्हणून मांडी घालणे नाही, उकिडवे बसणे नाही, पायावर पाय नाही. झोपताना दोन पायांमध्ये उशी. खुर्ची उंच, संडासची खुर्चीसुद्धा उंच. गोळा निसटला तर पाय आखूड दिसतो, आत वळतो आणि दुखणे सोसत नाही. तसे वाटले तर हलवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. पण नुसती निजवूनही ठेवू नका. चालली नाही तर पायांतले बळ जाईल.

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

चिन्मयी


इतवारी, नागपूर
१२ फेब्रुवारी

चि. चिन्मयी हीस आईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कंपासपेटीतला कोनमापक काढून आजींच्या खुब्याशी धरला. खुर्चीत पोट आणि मांडी यांच्यामध्ये ऐंशी अंश भरले, म्हणजे काटकोनाहून कमी. खुर्चीखाली विटा दिल्या, तेव्हा शंभर झाले. आजी म्हणाल्या, मले शाळेत घालून राहिली का वं?

मग पूजेची वेळ झाली. आपले देव खाली चौरंगावर. आजी म्हणाल्या, देव खाली अन् मी वरून त्यायच्या डोक्यावर फुलं टाकू काय? खरे सांगते, मलाही ते पटले. मीच पाट मांडला, बाबांनी आणि मी त्यांना उतरवले, पाय लांब करून पाठ भिंतीला टेकवली. कोन मोजला, नव्वदाच्या वर होता. पण बाळकृष्णाला फूल वाहायला त्या पुढे वाकल्या, तेव्हा कोनमापक माझ्या हातात नव्हता. केवढ्याने ओरडल्या!

तुझे पत्र आठवले. मागे टेकवून आडवे केले आणि हलवले नाही. सुतळीने दोन्ही पाय मोजले, सारखे भरले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आजींनी आरती निजल्यानिजल्याच म्हटली. बाबांनी टाळ्यांचा ठेका धरला.

दवाखान्यात एक्स-रे काढला, गोळा जागेवर आहे. स्नायू ताणला गेला. डॉक्टरांनी विचारले, खाली कोणी बसवले? मी म्हटले, मी. बाबा भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होते.

आता आजी पाय जमिनीला लावायला तयार नाहीत. म्हणतात, देवासमोर बसता येत नाही तर चालून कुठी जाऊ? चार दिवसांपासून पलंगावर आहेत. माझ्या हातून चूक झाली, ती कशी निस्तरू ते लिही.

आणि त्या सांगाड्याला गिरिधर म्हणू नका. देवाचे नाव आहे. शिवाय तो कोणाच्या तरी घरचा माणूस होता.

उत्तराची वाट पाहणारी
आई


अमरावती
१४ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून अर्धा तास चिडले होते. मग आमच्या वॉर्डातल्या प्रेमिला सिस्टरांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, नियम लिहिताना घरातले देव कुठे ठेवले आहेत ते तू विचारले नाहीस, अर्धी चूक तुझी. पेशंटला खाली नेता येत नसेल तर देवांना वर न्या, एवढे सांगून त्या इंजेक्शन द्यायला निघून गेल्या.

चालवताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पहिले काही दिवस तू दुखऱ्या बाजूला, किंचित मागे उभी राहा. ओढू नकोस. तिचा भार तिलाच पेलू दे. आणि आई, तू हलवले नाहीस, हे फार मोठे केलेस.

सांगाड्याचे नाव मी सोडले. बाकीच्या मुलींचे सांगता येत नाही.

लाडकी असेन तर लाडकीच ठेव.

चिन्मयी


इतवारी, नागपूर
१६ मार्च

चि. चिन्मयी हीस आईचे आशीर्वाद. वि. वि.

देव शिलाई मशीनवर गेले, हे फोनवर कळले असेलच. आजींनी खुर्चीत बसून माझ्याकडून सुतळी धरवली. बाळकृष्ण त्यांच्या डोक्यापेक्षा चार बोटे वर भरला, तेव्हा तिथे बसायला कबूल झाल्या. मशीन पलंगापासून सहा पावलांवर आहे. पहिल्या दिवशी दोन पावलांवर थांबल्या, म्हणाल्या, आज देवानं मानून घ्यावं. चौथ्या दिवशी पोहोचल्या. परवा डॉक्टरांनी तपासून सगळे ठीक असल्याचे सांगितले. वाकण्याचे नियम मात्र अजून पाळायचे आहेत. मला ब्लाऊज शिवता येत नाहीत, ते सोड.

आज सकाळी पोळ्या लाटत होते. आजींची हाक यायची वेळ झाली, आली नाही. कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिले. मग वॉकरचा आवाज ऐकू आला. तो पलंगापासून निघून संडासापर्यंत गेला, बऱ्याच वेळाने परत पलंगापर्यंत आला. तव्यावरची पोळी जळली, तरी मी बाहेर गेले नाही. गेले असते तर त्यांनी माझा हात धरला असता.

नंतर चहा द्यायला गेले. आजी कप हातात घेऊन म्हणाल्या, काय वं, पोळी जळाली का?

मायेत खंड नसावा.

तुझी आई