मेकनला न जाण्यासाठी एक स्नूक

१ ऑक्टोबर, सकाळी ६
आजपासून गळाला लावायची विकतची कोळंबी बंद. जिवंत आमिष स्वतः पकडणार. बायकोची, आयडेलाची, अट स्पष्ट आहे: एकतीस तारखेपर्यंत मी स्वतः पकडलेल्या जिवंत आमिषावर एक स्नूक मासा घरी आला तर आपण इथेच, खाडीवर. नाहीतर घर विकून समुद्रापासून लांब, मेकन शहरात, लेकीच्या, डार्लाच्या, गॅरेजवरच्या खोलीत. जावई रोज संध्याकाळी ट्रम्पेट वाजवतो.
तीस वर्षं शाळेची बस चालवली, एकदाही उशीर नाही. आमिषाची चार इंची सार्डिन मासळी पकडणं म्हणजे काय मोठंसं? तीन व्हिडिओ पाहिलेत.

४ ऑक्टोबर
फेकजाळ्याची कड दातात धरायची आणि फेकताना वेळेवर सोडायची. सोडली नाही. वरची कवळी जाळ्याबरोबर गेली. जाळं गोल उघडायच्या ऐवजी केळ्यासारखं लांबट पडलं. धक्क्यावरून शेजारी पर्व्हिस म्हणाला, व्हर्लन, सोलून तरी टाकायचं. उत्तर तयार होतं, पण दातांशिवाय नीट जमलं नाही.

९ ऑक्टोबर
ओला पाव आणि माशाचं तेल पाण्यात टाकलं की सार्डिन जमतात. पेलिकन जमले. एक जण बोटीत येऊन बसला. ओळख वाढते आहे.

१४ ऑक्टोबर
जाळं भरलं! फक्त भोकं मोठी निघाली. प्रत्येक भोकात एक सार्डिन, मानेपर्यंत अडकलेली. दोन तास एकेक उपटत बसलो, एकही जिवंत नाही. पर्व्हिस म्हणाला, ख्रिसमसचं झाड छान सजवलंयस, दिवे कधी लावतोस? आयडेला खिडकीतून बघत होती. हसली नाही. कौतुकच असणार.

२० ऑक्टोबर, रात्री ८
नवं, बारीक भोकांचं जाळं. दोनशे सार्डिन, जिवंत! सगळ्या बोटीवरच्या पाण्याच्या टाकीत कोंबल्या. निघताना आयडेला म्हणाली होती, वीस-पंचवीसच ठेव, बाकी सोड, नाहीतर गुदमरतात. सोडायला मी काय धर्मादाय संस्था आहे? स्नूक दडतात त्या खारफुटीपर्यंत पोचलो तेव्हा सगळ्या उताण्या. आधी वाटलं, विश्रांती घेतायत.
तेवढ्यात ओहोटी लागली. बोट गाळात बसली. सहा तास, ऊन, दोनशे मेलेले मासे आणि मी. उतरून चालायला चिखल मांडीपर्यंत. मेकनमध्ये ओहोटी नसते, असं मनात आलं. लगेच झटकलं.

२६ ऑक्टोबर
पाठ धरली आहे. सराव पुढे ढकलला. वेळ होता म्हणून गॅरेजमधली हत्यारं खोक्यांत भरली. केवळ स्वच्छतेसाठी. डार्लाला फोन करून खोलीची मापं घेतली, माहिती असावी म्हणून. मागे ट्रम्पेट चालू होता. पोरगा बराच सुधारलाय.

३० ऑक्टोबर
उद्या शेवटचा दिवस. झटून प्रयत्न करायचा आणि सन्मानाने हरायचं. आज गाढ झोप लागेल. आयडेला म्हणते, मीही येते.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
माझी पहिली फेक केळं. दुसरी माझ्याच पायावर. आयडेला म्हणाली, आण इकडे. कड दातात धरली, कमरेतून वळली, जाळं पाण्यावर ताटासारखं गोल पडलं. बाई बापाच्या मासेमारी बोटीवर वाढली. मला ठाऊक होतं. विचारावंसं कधी वाटलं नाही.
वीस सार्डिन मोजून ठेवल्या, बाकी सोडल्या. एकीच्या नाकातून गळ घालून खारफुटीच्या मुळांशी फेकली. मी दोरा ओढायला गेलो तर म्हणाली, हात काढ, सार्डिनला आपलं आपण घाबरू दे, त्यानेच स्नूक येतो. दहा मिनिटांत स्नूक. तीस इंच, ठेवायच्या सरकारी नियमात अगदी बसणारा.
मी म्हणालो, आमिष माझ्या हातचं नाही, अट अट असते, मी प्रामाणिक माणूस आहे, आपण मेकनला जाऊ. ती रडत होती. म्हणाली, बाबा गेल्यापासून बावीस वर्षं जाळ्याला हात लावला नव्हता रे, मेकनचं नाव काढू नकोस. धक्क्याला लागायच्या आत तिने डार्लाला, आम्ही येत नाही, असं कळवूनही टाकलं. उद्यापासून रोज पहाटे निघायचं. जाळं तिचं, टाकीतलं पाणी बदलायचं काम माझं.
मला मेकनला जायचं आहे. हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे. आयडेला स्वयंपाकघरात गुणगुणत मासा साफ करते आहे. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आता तिला कोणत्या तोंडाने सांगू?