समाधानच्या नावे खाऱ्या पाण्याचा टँक

मी, अण्णासाहेब भिवा ओव्हाळ, वय ७१, कंपनीतून निवृत्त, राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाचं दडपण नसताना, स्वखुशीने माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी मुलगी आम्रपाली म्हणते, डॉक्टर भिडस्त आहेत.

१. राहती सदनिका आम्रपालीला. मुलगा समाधान याचं पिंपळे सौदागरला स्वतःचं घर आहे आणि या वाटणीला हरकत नसल्याचं त्याने आपण होऊन सांगितलं. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी.

२. पान्यांचा संच आणि ड्रिल मशीन शेजारच्या धम्मरत्नला. ड्रिल मशीन कित्येक वर्षं त्याच्याच घरी आहे, त्यामुळे ताबा देण्याची तसदी कोणाला पडणार नाही.

३. सोसायटीचे सेक्रेटरी हिंदुराव यांनी, माझ्या टँकच्या वजनाने स्लॅब खाली येईल, असा तक्रारअर्ज केला होता. स्लॅब अजून वरच आहे. त्यांना मी माफ करतो, पण शोकसभेत बोलू देऊ नये. बुद्धवंदना घ्यावी आणि आलेल्यांना चहा द्यावा.

४. आता टँक. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पत्नी शालन गेल्यावर घर खायला उठायचं. तेव्हा मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक केला आणि त्यात प्रवाळ वाढवले. प्रवाळ दिसायला झाडासारखा, पण तो प्राणी आहे. त्याला बाराही महिने उबदार पाणी लागतं, म्हणून हीटर कायम चालू असतो.

गेल्या जानेवारीत साडूच्या मुलीच्या लग्नाला मी आधीच बारामतीला गेलो. समाधान महाळुंग्याहून शिफ्ट संपवून माझ्या घरी आला, राहिलेलं सामान घेतलं आणि निघताना मेन स्विच बंद केला. घर सोडताना मेन बंद करायचा, हा शालनचा नियम. तिच्या हयातीत टँक नव्हताच. पोराने आईचं ऐकलं, एवढंच झालं.

लग्नाहून परतलो तर पाणी गारठलेलं आणि प्रवाळ सगळे मिटलेले. समाधान गीझरचं कढत पाणी बादलीत घेऊन धावत आला.

"पप्पा, ओतू का?"

"नको. एकदम गरम केलं तर उरलंय ते पण जाईल. ठेव ती बादली."

त्याने बादली ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिथून तो सरळ त्याच्या घरी गेला.

मी हीटर अगदी बेताने वाढवत नेला. दिवे मंद ठेवले, पंप चालू ठेवला. मेलेलं तेवढं काढलं, त्याच उबेचं आणि त्याच खारटपणाचं पाणी थोडं थोडं बदललं. बाकी कशाला हात लावला नाही. जांभळा फांद्यांचा प्रवाळ गेला. तो माझा लाडका होता, मी रडलो. हिरवा मात्र मिटून बसला, अंगावरचा पापुद्रा टाकला आणि महिन्याभराने उघडला.

आम्रपालीने भावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "ताई, जुना फोटो असेल. माझी समजूत काढू नको." तेव्हापासून तो दारातूनच भाजी देतो, "जेवलात का?" विचारतो आणि हॉलमध्ये पाऊल टाकत नाही. मी चिडलोय, असं त्याच्या डोक्यात बसलंय. नाही रे बाबा. तू नसलास की मला जेवण गोड लागत नाही.

तर टँक, त्यातले सर्व प्रवाळ, हीटर आणि पंप समाधानला. ताबा येत्या रविवारी द्यावा. टँकची लाइन मी मेनपासून वेगळी करून घेतली आहे. आईचा नियम त्याने खुशाल पाळावा.

५. हा मसुदा बघून वकील पूनमताई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्राचा अंमल तुमच्या पश्चात होतो. तुम्ही तर येत्या रविवारीच ताबा द्या म्हणताय."

"मग त्याला शिकवणार कोण?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कायद्यात बसत नाही हो. पण असू द्या, लिहा."

म्हणून लिहितो. कलम चार आजपासून लागू. याची प्रत समाधानला आजच पोचती करावी. हिरवा खुशीत आहे की दुखावलाय, हे समोर बसूनच कळतं, आणि माझ्या पश्चात मला काही विचारता येणार नाही. मिळकत ज्याला जाते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणून खाली त्याचं नाव नाही. त्याची सही कुठेच लागत नाही. त्याने फक्त यावं.

स्थळ: पिंपरी
दिनांक: ६ ऑगस्ट २०२५

लिहून देणार: अण्णासाहेब भिवा ओव्हाळ (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. भिमाजी रामभाऊ काटे (सही)
२. दिव्या सुनील शेलार (सही)