दाराबाहेर डॉक्टर

२ फेब्रुवारी, रवि. तिवसा
बसमधून उतरले आणि चौकात समोर मीच. दहा बाय आठचा फ्लेक्स. "तिवस्याचा वाघ डॉक्टर झाला!" फोटो बारावीच्या हॉल तिकिटावरचा, त्याला कोणाचा तरी पांढरा कोट चिकटवलेला. मिशी होती त्यापेक्षा काळी केली आहे. खाली अठरा शुभेच्छुक, त्यातल्या तिघांना मी ओळखते.
काम पप्पूदादाचं, मोठ्या काकांचा मुलगा. म्हणतो, "फोटो दे म्हनून चार खेपा सांगतलं तुले. तू देऊनच नाही राहिला. मंग काय करू?"
कुठला देणार? दावाओची सहा वर्षं, आणि चौकात लावण्याजोगा एक फोटो नाही. सगळ्यांत केस खांद्याच्या खाली, कानात डूल. फिलिपिन्समधून डॉक्टर होऊन आले, इथली लायसन्सची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले, एवढं गावाला माहीत आहे. घरी मी नितीन. मी नितीन नाही, हे दावाओच्या एका गल्लीला माहीत आहे आणि या वहीला.
आईने ओवाळलं. फार खूश होती. मला तिच्याकडे बघवेना.

६ फेब्रुवारी, तिवसा
फ्लेक्सचा गुण. चार दिवसांत पाच स्थळं. बाबा बायोडाटे फाइलला लावतात, वर अनुक्रमांक. हेडमास्तर निवृत्त झाले, फाइल नाही झाली.
"पोरगी नोकरीवाली पाह्यजे का घरची?" बाबांनी विचारलं. म्हटलं, इंटर्नशिप होऊ द्या. "होईन नं ती. लग्न काय इंटर्नशिपले आडवं येते?"
दुपारभर माडीवर पडून दावाओ आठवलं. कोराआंटीच्या घरात भाड्याने होते. तिचा भाऊ जोजो, म्हणजे भाऊ कागदावर. गल्लीच्या तोंडाशी जोजोचं पार्लर. मला पहिल्यांदा नीना म्हटलं ते तिने, केस कापता कापता, काही न विचारता. वस्तीच्या जत्रेला बास्केटबॉलच्या मैदानावर स्टेज टाकायचे आणि बायकी पुरुषांची सौंदर्यस्पर्धा व्हायची. लेकरं, म्हाताऱ्या, नगरसेवक, सगळे खुर्च्या टाकून. जोजो दोनदा जिंकली. मी शिट्ट्या मारल्या, रडलेसुद्धा. वाटलं, असा देश असतो तर.
कोराआंटीची म्हातारी आई सांगायची, स्पॅनिश पाद्री यायच्या आधी त्यांच्याकडे असोग असायचे. पुरुषाच्या जन्माला येऊन बाईसारखे राहणारे. आजार आला, पीक बुडालं, की देवाशी बोलायला त्यांनाच बोलवायचे. पुढे पाद्र्यांनी त्यांना सैतान ठरवलं. "आता वर्षातून एका रात्रीच्या राण्या," म्हातारी हसायची.
परत जायचं. इंटर्नशिप झाली की परत. तिथे डॉक्टरकी करू देतील का, माहीत नाही. काहीही करेन.

२४ फेब्रुवारी, अमरावती
इंटर्नशिप सुरू. राठी नगरात खोली. एक खिडकी, एक पंखा, आतून कडी. कडीसाठीच घेतली.
पायाच्या नखांना रंग लावला, गडद लाल. वर मोजे, वर बूट. दिवसभर वॉर्डात फिरले आणि माझं मला माहीत होतं. एवढ्याशा गोष्टीने चालणं बदलतं. हसू येतं, पण खरं आहे.

१२ मार्च, अमरावती
आज केलेलं लिहून ठेवते. नाहीतर उद्या मीच नाकारीन.
काजल म्हणून पेशंट आली. हिरवी साडी, मूतखड्याच्या कळा, घामाने भिजलेली. सोबत तिची गुरू. बायकांच्या वॉर्डातल्या नातेवाइकांनी कालवा केला, आमच्या शेजारी नको. पुरुषांच्या वॉर्डात पोरं मोबाइल काढून तयार. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, तुमीच लिहा काय ते."
गुरू हात जोडून, "साहेब, बायांतच ठेवा तिले. मांगच्या महिन्यात या हॉस्पिटलातल्याच एकाच्या घरी नातू झाला, तं आशीर्वादाले आमालेच बोलावलं होतं."
सगळे माझ्याकडे बघत होते. वाटलं, हिची बाजू घेतली तर माझ्यातलंही यांना दिसेल. मी लिहिलं, पुरुष वॉर्ड.
काजल स्ट्रेचर वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मला स्वतःची किळस आली.

१३ मार्च
काजल सकाळी सही करून निघून गेली. खडा तसाच. सिस्टर म्हणाल्या, बरं झालं, कटकट गेली. मी मान हलवली.

२१ मार्च, तिवसा
आईजवळ खडा टाकून पाहिला. ती अंगणात धान्य निवडत होती. तिला जोजोची गोष्ट सांगितली. पार्लर, जत्रा, गल्ली कशी कौतुक करते. आई मन लावून ऐकत होती. म्हणाली, "बिचारं. मायबाप हायेत का त्याले?"
म्हटलं, आई, मी तसाच असतो तर?
हात थांबले. मग पुन्हा सुरू. "तिकडं असतीन तसे, बाबू. आपल्यात नाही होत."
अकोल्याची मुलगी बघायला तीस तारखेचं ठरलंय, हे तिने त्यानंतर सांगितलं.

३० मार्च, रवि. अकोला
बडनेऱ्याहून रेल्वेने आम्ही तिघं. मुलगी स्नेहल, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, एकोणतीस वर्षांची. घर जुन्या शहरात. भाऊ, भावजय, आजारी वडील.
माझा गाढवपणा असा. दारात बूट काढले, मोजे तसेच पायात ठेवले. तर अंगणात बादली, तांब्या, पाट. पाय धुतल्याशिवाय पाहुणा घरात घ्यायचा नाही, ही तिच्या वडिलांची रीत. आई-बाबा धुऊन आत गेलेसुद्धा. मी म्हटलं, राहू द्या, मोजे आहेत. आतून वडील ओरडले, "असं कसं डॉक्टरसाहेब! एवढ्या उन्हाचे आले तुमी. काढा मोजे!"
नखांचा रंग. सव्वा महिना मोज्यांत राहिला, तिवस्यातही, तर मी विसरलेच होते.
तांब्या स्नेहलच्या हातात. मोजे काढले. तिने बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आता ही ओरडते की हसते. तिने पाणी घातलं, खांद्यावरचा टॉवेल माझ्या पायांवर टाकला आणि आत तोंड करून म्हणाली, "वहिनी, पोहे आन वं. फरशी लई तापली, पाहुण्यायले मोजे घालूनच येऊ दे."
बाबा तिच्या वडिलांशी विहाराच्या बांधकामाचं बोलत होते. परतीच्या गाडीत म्हणाले, "पोरगी समजदार वाटली." त्यांना काय माहीत किती.

३१ मार्च, अमरावती
स्नेहलचा मेसेज. "रंग छान होता. कोणत्या कंपनीचा?"
उत्तर द्यायला दोन तास लागले. कंपनीचं नाव लिहून पाठवलं.
पुढचा मेसेज: "एकदा भेटाल का? घरच्यांना न सांगता."

६ एप्रिल, रवि. अमरावती
स्नेहल आली. बडनेऱ्याजवळच्या एका हॉटेलात बसलो. मी सगळं सांगितलं. नाव, दावाओ, केस, परत जायचा विचार. कोणाला तरी मराठीत सांगण्याची पहिलीच वेळ.
तिने चहा संपवला. "मले लग्नच नोको होतं कधी. पुरुष नोको, बाई बी नोको. पन भावाच्या घरात आता एक दिस राहवत नाही. दोन लेकरं झाले त्याले, मी अडगळीत झोपतो. चार स्थळं मी मोडले. पाचवं मोडलं तं म्हनतीन, पोरीतच काही हाये."
मग सरळच विचारलं. "तुमी मले करून घ्या. दोन खोल्या घेऊ. घरात तुमी काय बी घाला, मी नीनाच म्हनीन. दाराबाहेर तुमी डॉक्टर, मी डॉक्टरीन."
कोणी मला इतकं चांगलं काही देऊ केलं नव्हतं, आणि माझा जीव घाबरा झाला. आत नीना, बाहेर डॉक्टर, मरेपर्यंत. तिला विचारलं, आणि मूल का नाही म्हणून विचारतील तेव्हा? "तवाचं तवा पाहू," म्हणाली. सोडायला गेले. गाडी सुटताना तिने हात हलवला, बायकोनं हलवावा तसा. ती सरावाला लागली होती.

९ एप्रिल, अमरावती
जोजो गेली. डेंग्यू, पाच दिवसांत.
कोराआंटीने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मढं आठवडाभर घरात ठेवतात, गल्ली पत्ते खेळत बसते, कॉफी फिरते. काचेच्या झाकणाखाली जोजो. मला आधी ओळखू आली नाही. केस बारीक कापलेले, अंगात पुरुषांचा पांढरा भरतकामाचा सदरा, बारोंग. मनिलाहून मोठा भाऊ आला, आल्या आल्या त्याने हे करवलं. पाद्रीही म्हणाला, देवाकडून जसा आला तसाच परत जाऊ द्या.
मी विचारलं, आंटी, तू काही बोलली नाहीस? तिचं उत्तर, "शेवटी तो माझ्या आईचा मुलगा होता, नीना."
तो. वीस वर्षं जोजोच्या पैशावर घर चाललं.
पार्लरमधल्या पोरी रडत होत्या. गल्लीचं जोजोवर प्रेम होतं, खोटं नाही. पेटीपाशी फुलांचा डोंगर होता. एकालाही वाटलं नाही की तिचा झगा घालू द्यावा. जोजो मला म्हणाली होती, "टाळ्या वाजवणं सोपं असतं." तेव्हा मी ते चेष्टेवारी नेलं. मला तो देश हवा होता म्हणून नेलं.
कुठे परत जाऊ आता?

१४ एप्रिल, तिवसा
जयंती. निळे झेंडे, डीजे, विहारापुढे मांडव. बाबा बोलले, दर वर्षीप्रमाणे वीस मिनिटं. माणसाला जन्मावरून तोलू नका. आवाज अजून तसाच, वर्गातला. मी शेवटच्या ओळीत टाळ्या वाजवल्या.
भाषणाने धीर आला म्हणा किंवा जोजोमुळे काही धरून ठेवायला उरलं नव्हतं. दुपारी बाबा खाटेवर आडवे झाले होते, तिथे जाऊन बसले आणि सांगून टाकलं. तीन वाक्यं. नितीन नाही, कधीच नव्हतो, लग्न करवणार नाही.
बाबांनी चष्मा काढला. पुसला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
"मले माहीत हाये," म्हणाले.
सातवीत असताना मी आईची साडी नेसून आरशापुढे उभी होते, त्यांनी दारातून पाहिलं होतं. तेव्हापासून माहीत होतं.
"म्हनून तं तुले येवढ्या दूर पाठोलं. तुह्या मायले वाटते, डॉक्टर कराले. मी चौकशी केली होती, तिकडं अशा लोकायचं चालते म्हने. म्हनलं, तिकडं काय हाय ते करून घेईन, मन भरन, अन् मंग वापस येईन."
सहा वर्षं मला वाटत होतं की मी लपून जगले. माझ्या बापाने मला सुट्टी दिली होती आणि ती संपली होती.
म्हटलं, बाबा, आत्ताच मांडवात काय बोललात?
त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "ते खरंच हाये. पन बेटा, एका जातीचं ओझं आमी तीन पिढ्या उतरवून राहिलो. अजून उतरलं नाही. हे दुसरं मी आता या वयात कुठीसा घेऊ?" त्यांचे डोळे भरले होते. "मी कोनाले सांगनार नाही. तू बी नोको सांगू. लग्न कर."
त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं केलं आणि उठले.

१७ एप्रिल, अमरावती
स्नेहल: "घरचे विचारून राहिले. हो का नाही? नाही असेल तरी चालेल, पण सांगा." पाच मिनिटांनी, "चालेल म्हणजे चालणार नाही. खरं ते लिहिलं."
तिचा राग येत नाही. तिला एक खोली हवी आहे. मलाही तीच हवी होती.
हो म्हटलं तर ती सुटेल, आई हसेल, बाबा निवांत मरतील. नाही म्हटलं तर मी एकटी, आणि एकटी म्हणजे कुठे? काजलच्या गुरूकडे? कोणत्या तोंडाने?

१९ एप्रिल, अमरावती
बाबांचा फोन. राजापेठेत त्यांच्या ओळखीचा शिंपी आहे, साक्षगंधाच्या कोटाचं माप देऊन ये, लगीनसराई आहे, नंतर तो शिवून देणार नाही. म्हटलं, बाबा, मी अजून हो म्हटलेलं नाही. "माप द्याले काय जाते?" म्हणाले.
गेले. दुपारचे बारा, दुकानात गर्दी. शिंप्याने हात पसरायला लावले. टेप गळ्याभोवती, छातीभोवती, खांद्यावरून. तो आकडे बोलत होता, मागे कोणीतरी लिहून घेत होतं.
"साक्षगंध कवा हाये डॉक्टरसाहेब?"
"ठरायचं आहे."
"मंग छातीत बोटभर ढिला ठेवतो. लग्नालेबी होऊन जाईन." तो मागे सरकला, मला डोळे बारीक करून वरून खाली पाहिलं. "हात खाली घ्या साहेब. झालं माप."
मी हात पसरूनच उभी होते.